खालच्या हवेची गाडी

मोन्तेरोत घेतली, उसाच्या गावात, सेकंडहँड.
विकणाऱ्या आदेमारने एका किकमध्ये चालू करून दाखवली.
(इंजिन आधीच कोमट होतं, हे मला नंतर आठवलं.)
म्हणाला, चौदा वर्षांत हिने मला रस्त्यात टाकलं नाही.
खोटं नसावं.

ट्रकवर घालून वर आणली, एल आल्तोला,
चार हजार मीटर,
आणि इथं तिने मान टाकली.
चोक ओढून धरला तर कशीबशी जगते,
सोडला की बंद.
ॲक्सिलरेटर पिळला तर खोकते, काळा धूर,
आणि मागच्या पेटीत माझे दोनशे पाव
गार होत बसलेले.

शेजारी सांगतील ते सगळं केलं.
प्लग बदलला. टाकी धुतली.
एकाने सांगितलं म्हणून पुढच्या चाकापाशी
धरणीला दोन घोट दारूही पाजली.
धरणीने घेतली.
गाडी तशीच.

शेवटी दोन्या बासिलियाकडे.
घेरदार पोलेराचा काठ कमरेला खोचून
ती बाटल्यांच्या रिकाम्या क्रेटवर बसली,
हात लावला नाही, आधी ऐकलं.
मग प्लग काढून नाकाशी नेला,
काजळी अंगठ्यावर उतरवली, मला दाखवली.
"वर अजीर्ण, खाली उपासमार.
दुखणी दोन आहेत, पोरा,
तू एकाच नावाने हाका मारतोयस."

चार स्क्रू. चौथ्याचं डोकं कुणीतरी आधीच खाल्लेलं.
कार्ब्युरेटरची वाटी सुटली,
तळाशी पेट्रोल कसलं, पेट्रोलची साय:
हिरवट, चिकट, जुन्या वार्निशच्या वासाची.
मेन जेट उलटा करून तिने आकडा वाचला. एकशे पाच.
"हे तिकडच्या हवेचं माप. तिकडची हवा निरशा दुधासारखी दाट.
इथल्या हवेत पाणी घातलंय.
पेट्रोल मात्र तू तेवढंच पाजतोस.
बुडेल नाही तर काय करेल?"

मग स्लो जेट, चिमटीत, उजेडाला धरलेला.
भोक दिसेना.
तिने चष्मा कपाळावर सारला, जीभ दातांत धरली,
आणि बारीक चिमट्याने ओढून काढलं
केसाएवढं काहीतरी, चकाकणारं.
गिटारची तार. सगळ्यात बारीक.

आदेमार रे आदेमार,
कुठल्या रविवारी, कुठल्या घाईत
तूही हाच जेट खुपसत बसला होतास अंगणात?
तार आत मोडली, तू शिवी हासडलीस,
आणि आयडलिंगचा स्क्रू पिळून पिळून
ढकललीस वर्षं.
सिग्नलला थांबताना मूठ कधीच सोडली नसशील.
रस्त्यात टाकलं नाही म्हणे.
आणि गिटार?
ती पाचच तारांवर वाजत राहिली का मग?

रागवायचं ठरवून आलो होतो, जमलं नाही.

पंच्याण्णवचा जेट बसला.
सुई एक खाच खाली.
हवेचा स्क्रू पूर्ण आत, मग दीड वेढा बाहेर,
मग आकडे संपले
आणि ती नुसती कानाने फिरवत राहिली,
इकडे जरासा, तिकडे त्याहून जरासा,
मांजराच्या गळ्याखाली खाजवावं तसा.
गाडी उभ्या उभ्या गुरगुरायला लागली.
चोक नाही. माझा हात नाही.

देव पावला असं नाही म्हणणार.
ला सेहाच्या चौकात अजून घसा खाकरते.
"ते फ्लोटचं. पुढच्या मंगळवारी ये,
येताना पाव आण, कालचे नकोत."

एकशे पाचचा जेट तिने काडेपेटीत घालून दिला.
"फेकू नकोस. खाली उतरलास तर हिला तिकडचा श्वास लागेल."
मी कशाला उतरतोय, म्हटलं.
रॉकेलमध्ये हात चोळत ती म्हणाली, "उतरतात माणसं."
आणि मग, मान वर न करता,
"साठ बोलिव्हियानो.
तारेचे घेत नाही."